निराशेचा पॅच येत नाही

'एलियन्स : कलोनियल मरीन्स' हा गेम २०१३ च्या फेब्रुवारीत आला आणि त्याच आठवड्यात बदनाम झाला. चित्रपटातले ते काळेकुट्ट, लाळ गाळणारे, छतावरून झडप घालणारे परग्रहवासी इथे सरळ चालत समोर यायचे, दाराशी घुटमळायचे आणि गोळ्या खाऊन पडायचे. भीती वाटण्याऐवजी कीव यायची. पाच वर्षांनी, २०१८ मध्ये, एक शोध सगळीकडे पसरला. गेमच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये एका ओळीत 'टेदर' या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्तीचा पडला होता. त्या एका अक्षरापायी, प्राण्यांनी कुठल्या टापूत कसं फिरायचं हे ठरवणारी सूचना लागूच होत नव्हती. नोटपॅडमध्ये फाइल उघडायची, एक अक्षर खोडायचं, सेव्ह करायचं. बस्स.

मीही ते खोडून पाहिलं. प्राणी खरोखर शहाणे झाले. बाजूने वळसा घालून येऊ लागले, मागे सरू लागले. गेम मात्र होता तसाच राहिला. तेच बोळ, तेच ठोकळेबाज सैनिक, तेच 'हे दार उघड, ते बटण दाब'. आणि विक्रीआधीच्या प्रात्यक्षिकांत दाखवलेला तो सुरेख अंधार या फाइलच्या कुठल्याच ओळीत लपलेला नव्हता.

निराश करणाऱ्या गेमांची चर्चा बहुतेक वेळा बगांपाशी, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुकांपाशी, सुरू होते आणि बगांपाशीच संपते. कोणाचा चेहरा गायब झाला, कोणाची गाडी जमिनीत रुतली, कोण हवेत तरंगतोय. व्हिडिओ फिरतात, लोक हसतात, कंपनी माफी मागते, दुरुस्तीचा पॅच येतो. माझ्या मते ही सगळ्यांत किरकोळ निराशा. पॅचने जी जाते ती तात्पुरती गैरसोय म्हणायची. खरा घात त्याआधीच, गेम कागदावर असताना झालेला असतो. गेल्या चाळीस वर्षांतले गाजलेले अपेक्षाभंग या दृष्टीने पाहिले तर नावं तीच राहतात, क्रम मात्र पार उलटतो.

मुळात वाईट गेम निराश करत नाहीत. २०२३ चा 'गॉलम' घ्या. ट्रेलर पाहूनच कळत होतं की प्रकरण काही खरं नाही. तो तसाच निघाला, आणि काही आठवड्यांत डेडॅलिक या जर्मन कंपनीने गेम बनवण्याचा विभागच बंद केला. वाईट वाटलं ते तिथल्या कारागिरांसाठी. गेमकडून कोणाला काय अपेक्षा होती?

या विषयावर लिहिणारा प्रत्येक जण 'ई.टी.'पासून सुरुवात करतो, कारण ती गोष्ट फारच रंगतदार आहे. स्पीलबर्गचा चित्रपट १९८२ च्या जूनमध्ये आला. गेमच्या हक्कांची बोलणी जुलैअखेरीपर्यंत चालली. अटारीला माल नाताळच्या बाजारात हवा होता. एरवी ज्या कामाला कित्येक महिने लागत, त्याला हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ या प्रोग्रॅमरला मिळाले जेमतेम पाच आठवडे. गेम आला, सुरुवातीला खपलाही, आणि मग परतीचे ढीग लागले. १९८३ मध्ये अटारीने न्यू मेक्सिकोतल्या आलामोगोर्डो गावाच्या कचरा डेपोत ट्रकभर माल नेऊन पुरला. लोकांना ही दंतकथा वाटायची. २०१४ च्या एप्रिलमध्ये कॅमेऱ्यासमोर खोदकाम झालं आणि खरंच कार्ट्रिज बाहेर निघाली. त्यांत 'ई.टी.' होता, पण अटारीचे इतर बरेच गेमही होते. म्हणजे पुरला गेला तो एक गेम नव्हता, एका कंपनीचा चुकलेला अंदाज होता.

एमुलेटरवर हा गेम आजही खेळता येतो. खेळलात तर एकच गोष्ट लक्षात राहील : खड्डे. ई.टी. चालतो, खड्ड्यात पडतो. मान ताणून, तरंगत हळूहळू वर येतो, काठावर पाय टेकतो आणि पुन्हा त्याच खड्ड्यात पडतो. चिडचिड होते. तरीही जगातला सर्वांत वाईट गेम हा किताब त्याच्यावर अन्याय करणारा आहे. पाच आठवड्यांत एका माणसाने उघडं, फिरण्याजोगं जग, शोधायचे तीन तुकडे, माग काढणारी माणसं, एवढं सगळं बसवलं. दोष त्याचा नव्हता. जुलैमध्ये सही करून डिसेंबरची तारीख ठरवणाऱ्यांचा होता. वॉर्शॉ पुढे मानसोपचारतज्ज्ञ झाले, हे मला फार योग्य वाटतं.

तारीख आधी, गेम नंतर. ही सवय तेव्हापासूनची आहे. फरक एवढाच की अटारीच्या काळात कार्ट्रिज विकलं की विकलं, दुरुस्तीची सोय नव्हती. इंटरनेट आल्यावर ती झाली आणि कंपन्यांची भीडच चेपली. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये 'असॅसिन्स क्रीड युनिटी'त पॅरिसच्या नागरिकांचे चेहरे गायब होऊन नुसते डोळे, दात आणि केस उरले. २०१५ च्या जूनमध्ये 'बॅटमॅन : अर्कहॅम नाइट'ची पीसी आवृत्ती इतकी अडखळत होती की ती विक्रीतून काढून घ्यावी लागली, परत यायला ऑक्टोबर उजाडला. हे दोन्ही गेम आज बऱ्या मशीनवर नीट चालतात आणि 'अर्कहॅम नाइट' तर माझ्या आवडत्यांपैकी आहे.

मग येतो 'सायबरपंक २०७७'. याच्याशी माझं भांडण वेगळं आहे.

वॉर्सातली सीडी प्रोजेक्ट ही कंपनी 'विचर ३'मुळे गेमरांच्या गळ्यातला ताईत झाली होती. 'सायबरपंक'ची घोषणा २०१२ ची. तारखा एकामागून एक पुढे ढकलत अखेर १० डिसेंबर २०२० ठरली. त्याआधीच ८० लाख लोकांनी पैसे भरून नोंदणी केलेली. समीक्षकांना आधी फक्त पीसीची प्रत दिली गेली, तीही स्वतः खेळतानाचं चित्रीकरण दाखवायचं नाही या अटीवर. पीएस४ आणि एक्सबॉक्स वनवर गेम कसा चालतो, हे विकत घेणाऱ्याला पैसे गेल्यावरच कळलं. रस्ते रिकामे, गाड्या लांबून पुठ्ठ्याच्या वाटाव्यात अशा, माणसं जवळ गेल्यावर चिखलातून आकार घ्यावीत तशी उगवणारी, आणि दर थोड्या वेळाने गेम बंद. आठवड्याभरात, १८ डिसेंबरला, सोनीने तो आपल्या स्टोअरवरून उतरवला. तो परत यायला २१ जून २०२१ उजाडला.

आपल्याकडे हे जास्त झोंबलं त्याला कारण होतं. भारतात पीएस५ आलाच २ फेब्रुवारी २०२१ ला. डिसेंबरमध्ये इथल्या प्लेस्टेशनवाल्यांकडे पीएस४ शिवाय काही असण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणजे ज्या मशीनवर गेम धड चालत नाही हे कंपनीला पक्कं ठाऊक होतं, नेमकं तेच मशीन आमच्या हॉलमध्ये.

तीन वर्षांनी, सप्टेंबर २०२३ मध्ये २.० अपडेट आणि 'फँटम लिबर्टी' आलं. आजचा 'सायबरपंक' उत्तम गेम आहे. जॉनी सिल्व्हरहँडची तिरकस बडबड, जूडीची कथा, रात्रीच्या पावसातलं नाइट सिटी : असं शहर दुसऱ्या कुठल्या गेममध्ये मला सापडलेलं नाही. पण ते शहर, ती पात्रं, ती भाषा पहिल्या दिवशीही त्या ढिगाऱ्याखाली होतीच, म्हणून तो वर काढता आला. त्याला 'पुनर्जन्म' वगैरे म्हणत कंपनीचे गोडवे गाणारे लेख वाचले की माझं डोकं फिरतं. पहिल्या दिवशी पूर्ण किंमत देणाऱ्याला कच्चा माल आणि तीन वर्षांनी सेलमध्ये अर्ध्या किमतीत घेणाऱ्याला पक्का, हा कुठला न्याय? आणि बग ही चूक होती असं मानलं, तरी कन्सोलवरचं चित्र झाकून ठेवणं ही चूक नव्हती. तो ठरवून घेतलेला निर्णय होता.

इथून वळू या बोलघेवड्यांकडे. गेमच्या दुनियेत आश्वासनांचा विषय निघाला की पहिलं नाव पीटर मॉलिन्यू यांचं. 'फेबल' (२००४) मध्ये तुम्ही ओकचं बी पेराल आणि गेममधल्या वर्षांबरोबर त्याचं झाड होताना पाहाल, असं त्यांनी सांगितलं होतं. गेममध्ये असलं काही नव्हतं. त्यांनी जाहीर माफी मागितली. 'फेबल' तसा गोडच गेम, पण त्या झाडाची चेष्टा आजतागायत चालू आहे. पुढचा किस्सा त्याहून वाईट. २०१२ मध्ये त्यांच्या कंपनीने 'क्युरिऑसिटी' नावाचं ॲप काढलं : एक भलामोठा ठोकळा, जगभरच्या लोकांनी बोटाने टिचक्या मारून त्याचे थर उडवायचे, शेवटची टिचकी मारणाऱ्याचं आयुष्य बदलून टाकणारं बक्षीस. २०१३ च्या मेमध्ये एडिंबरोचा एक अठरा वर्षांचा मुलगा जिंकला. बक्षीस काय, तर 'गॉडस' या आगामी गेममध्ये तो देवांचा देव होणार आणि कमाईत त्याला वाटा मिळणार. 'गॉडस' अर्धवट राहिला, देवपद आलंच नाही आणि दोन वर्षांनी पत्रकारांनी त्या मुलाला गाठलं तेव्हा त्याच्या हातात एक पैसाही पडलेला नव्हता.

विल राइट यांचा 'स्पोर' (२००८) मात्र थापेबाजी म्हणून सोडून देता येत नाही. एका पेशीपासून आकाशगंगेपर्यंतचा प्रवास, आणि वाटेत आपला प्राणी आपण घडवायचा. प्राणी घडवण्याचं साधन अजूनही अफलातून आहे; पाच पायांचा, पाठीवर डोळे असलेला प्राणी बनवा, तो कसा चालेल हे गेम स्वतः शोधून काढतो. पण त्याचे पाय किती, याने पुढच्या खेळात जवळजवळ काहीच फरक पडत नाही. पाचही टप्पे म्हणजे पाच वेगवेगळ्या गेमांच्या पातळ नकला. तंत्र थक्क करणारं आणि खेळ पोकळ, ही गोष्ट पचवायला मला बग पचवण्यापेक्षा कितीतरी जड गेली.

हाच धागा पुढे 'नो मॅन्स स्काय'कडे जातो. गिल्डफर्डमधली हॅलो गेम्स ही छोटीशी मंडळी, शॉन मरे हा लाजरा, उत्साही प्रमुख, आणि १८ वर १८ शून्यं इतके ग्रह. ऑगस्ट २०१६ मध्ये गेम आला आणि पहिल्याच दिवशी दोन खेळाडू एकाच ग्रहावर, एकाच जागी पोचले. दोघांना एकमेकं दिसेनात. दुसरा खेळाडू भेटू शकतो, असं मरे मुलाखतींतून सांगत आले होते. संताप उसळला, ब्रिटनच्या जाहिरात-नियामकाकडे तक्रारी गेल्या. त्या नोव्हेंबरमध्ये फेटाळल्या गेल्या. मरे यांनी तोंड बंद केलं आणि कामाला लागले. पुढची सगळी वर्षं एकामागून एक अपडेट, सगळी फुकट. २०१८ मध्ये खरंच एकत्र खेळता येऊ लागलं. तळ, जहाजं, पाळीव प्राणी, वस्त्या, काय वाटेल ते आलं.

या चिकाटीला माझा सलाम आहे, आणि तरीही गेम मला तेव्हाइतकाच कंटाळवाणा वाटतो. आजही तुम्ही ग्रहावर उतरता, दगड फोडता, कार्बन गोळा करता, सोडियम भरून सूट चार्ज करता, आणि पुढच्या ग्रहावर तेच करायला निघता. दिलेलं प्रत्येक वचन पाळलं गेलं. गेमचा साचा मात्र पहिल्या दिवशीचाच आहे, कारण तो हलवायचा तर गेमच दुसरा करावा लागेल. गेमर मित्रांसमोर हे बोललं की भांडणं होतात. होऊ देत.

'स्टारफिल्ड'बद्दल मात्र फारशी भांडणं होत नाहीत, सगळे नुसते उसासे टाकतात. बेथेस्डाचा सप्टेंबर २०२३ चा हा गेम. हजारावर ग्रह. तुलनेने बग कमी, बंदुका बऱ्या, जहाज जोडण्याचा विभाग तर झकास. आणि तरी ताटात पन्नास पदार्थ वाढून मीठ एकातही नसावं, तसा अनुभव. एका ग्रहावर तुम्हाला सोडून दिलेली गोठण-प्रयोगशाळा सापडते. आत बर्फ, सांडलेली कागदपत्रं, कोपऱ्यात एक प्रेत, शेजारी कोणाची तरी शेवटची नोंद. छान वाटतं. दहा तासांनी दुसऱ्याच सूर्याभोवतीच्या ग्रहावर तीच प्रयोगशाळा. तेच दार, तोच बर्फ, तेच प्रेत त्याच कोपऱ्यात, तीच नोंद. त्या क्षणी माझ्यापुरतं ते विश्व संपलं. याच कंपनीच्या जुन्या 'स्कायरिम'मध्ये डोंगरावरून धूर दिसला की पाय आपोआप तिकडे वळायचे, कारण तिथे कोणीतरी हाताने काहीतरी मांडून ठेवलेलं असायचं. इथे चालून पोचण्याजोगं काही उरलंच नाही. नकाशावर टिचकी मारायची, लोडिंगचा पडदा पाहायचा. स्टीमवर लोकांनी तक्रारी लिहिल्या तेव्हा कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी खाली उत्तरं दिली : चंद्रावर गेलेल्या अंतराळवीरांनाही तिथे काही सापडलं नव्हतं, ते कुठे कंटाळले? अहो, ते खरोखरच चंद्रावर होते!

'अँथम' (फेब्रुवारी २०१९) हा याच घराण्यातला. चिलखत चढवून धबधब्यातून झेप घेणं, पाण्याखाली शिरणं, परत आकाशात जाणं : उडण्याचा इतका आनंद मला फार थोड्या गेमांनी दिला असेल. खाली उतरल्यावर करायला काही नाही, ही अडचण. 'कोटाकू'ने त्याच वर्षी छापलेल्या दीर्घ वृत्तान्तातून कारण कळलं. कित्येक वर्षं गेम नेमका कसला आहे हेच ठरत नव्हतं, उडणं कधी ठेवलं जाई कधी काढलं जाई, आणि २०१७ ला जगापुढे जे प्रात्यक्षिक दाखवलं तेव्हा गेम म्हणून फारसं काही बनलेलंच नव्हतं. म्हणजे ट्रेलर पाहून बनवणाऱ्यांनाही पहिल्यांदा कळलं की आपण काय बनवतोय! पुढे संपूर्ण फेरबांधणीची योजना आखली गेली आणि २०२१ मध्ये ती गुंडाळली गेली.

दुकानदारीचा प्रकार सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. 'स्टार वॉर्स : बॅटलफ्रंट २' (२०१७) मध्ये डार्थ व्हेडर कुलूपबंद होता, किंमत ६०,००० क्रेडिट, म्हणजे खेळाडूंच्या हिशेबाने चाळीसेक तासांची हमाली. लोक भडकले तेव्हा ईए या कंपनीने उत्तर दिलं की यातून खेळाडूला कर्तृत्वाचा अभिमान वाटावा असा हेतू आहे. त्या उत्तराला रेडिटवर साडेसहा लाखांहून जास्त नापसंत्या मिळाल्या. पुढच्या वर्षी बेल्जियमने पैसे देऊन उघडायच्या अशा पेट्या जुगारात मोडतात असं ठरवलं. तरी यात खळबळ जास्त होती. मला 'डायब्लो ३'चं (२०१२) उदाहरण जास्त बोलकं वाटतं. लोकांच्या लक्षात राहिला तो पहिल्या रात्रीचा 'एरर ३७', सर्व्हरला जोडताच न येणं. ते आठवड्याभरात निस्तरलं. पण त्या गेममध्ये खऱ्या पैशांचा लिलाव-बाजार होता. 'डायब्लो'चा प्राण काय? राक्षस मारायचा, जमिनीवर काहीतरी टणकन पडतं, आणि ते पिवळं आहे की केशरी हे पाहताना काळजाचा ठोका चुकतो. बाजार आल्यावर जे जमिनीवर पडे त्याहून बरं नेहमीच दुकानात मिळे. राक्षस मारणं ही मजुरी झाली. ब्लिझार्ड या कंपनीला हे स्वतःलाच उमगलं आणि १८ मार्च २०१४ ला तो बाजार बंद केला गेला. पॅच मारून नव्हे, मुळावर कुऱ्हाड घालून. म्हणूनच तो गेम वाचला, असं माझं मत आहे.

फुटबॉलवाल्यांचं दुःख वेगळंच. कोनामीचा 'पीईएस' म्हणजे आपल्या हॉस्टेलांची संध्याकाळ. एक पीसी, दोन कंट्रोलर, आठ जण रांगेत. ते नाव टाकून २०२१ च्या सप्टेंबरअखेरीस 'ईफुटबॉल' आला आणि मेस्सी-रोनाल्डोचे चेहरे पाहून त्यांच्या आयांनीही ओळखले नसते. कोनामीने माफी मागितली, पुढे सुधारणाही केल्या. रांगेतले आठ जण तोवर फिफाकडे गेले होते.

जुनं मोडून नवं विकणं, हा प्रकार मला सगळ्यांत अक्षम्य वाटतो. २०२० च्या जानेवारीत 'वॉरक्राफ्ट ३ : रीफोर्ज्ड' आला. मूळ गेम २००२ चा. त्याच्याच पोटात 'डोटा' जन्मला, आणि इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलांत लॅन केबली ओढून परीक्षांच्या आदल्या रात्रीही तो चालायचा. नव्या आवृत्तीत २०१८ च्या प्रात्यक्षिकातले देखणे प्रसंग नव्हतेच. ते सोडून देऊ. पण ज्यांनी जुनाच गेम रीतसर विकत घेतला होता, त्यांच्याही माथी नवा मारला गेला. जुन्यातल्या काही सोयी, क्रमवारीचे सामने, क्लॅन, त्या गायब. ज्याने एक पैसाही नव्याने खर्च केला नाही त्याचंही नुकसान, असा विक्रम दुसऱ्या कोणी केला असेल असं वाटत नाही. ब्लिझार्डने मागेल त्याला पैसे परत दिले. जुन्यालाच चिकटलेल्यांना काय परत देणार?

'जीटीए'च्या तीन जुन्या गेमांचं २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये झालेलं नूतनीकरण याच जातीचं. 'व्हाइस सिटी' म्हणजे महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीचं पहिलं शहर. तासाला दहा-वीस रुपये घेणाऱ्या सायबर कॅफेत बसून, वहीच्या शेवटच्या पानावर लिहून आणलेला 'पँझर' टाइप करायचा आणि रस्त्यावर रणगाडा उतरवायचा. मिशनं क्वचितच कोणी पूर्ण केली असतील. नव्या आवृत्तीत चित्रं स्वच्छ करण्याचं काम बरंचसं यंत्राकडे सोपवलेलं. 'सान अँड्रियास'मध्ये 'टफ नट' नावाचं डोनटचं दुकान आहे. त्याच्या पाटीवर सहा कोनांचा लोखंडी नट, हाच तर त्यातला विनोद. यंत्राला नट कुठे कळतो? त्याने कडा गुळगुळीत करून गोल कडं करून टाकलं. पाऊस म्हणजे पांढऱ्या रेघा, समुद्रावर पडला तर पलीकडचं काही दिसेना.

पण खरी गोम धुक्यात होती. जुन्या 'सान अँड्रियास'वर कायम एक नारिंगी धुकं असायचं. मशीनची ताकद कमी म्हणून घातलेलं, पण त्यामुळे तीन शहरं आणि मधलं वाळवंट अफाट वाटायचं. नव्या आवृत्तीत धुकं काढलं. मग विमानातून पाहिलं तर एका शहरातून दुसरं दिसतं, आणि लहानपणी जिथे पोचायला 'अख्खी दुपार' लागायची ते राज्य एवढंसंच होतं हे उघडं पडतं. बनवणाऱ्यांना आपण काय पुसलं याचा पत्ताच नव्हता. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये पॅच आला, त्यात जुना प्रकाश आणि धुकं परत आलं. तोवर तीन वर्षं गेली होती.

आता गेम निराश करण्याइतकाही टिकत नाही. सोनीचा 'कॉनकॉर्ड' २३ ऑगस्ट २०२४ ला आला. किंमत ४० डॉलर, आणि त्या जातीचे बरे गेम फुकट मिळत असताना! स्टीमवर एका वेळी खेळणाऱ्यांचा उच्चांक ६९७. सप्टेंबरच्या ६ तारखेला सर्व्हर बंद, सगळ्यांचे पैसे परत. गेम मोडका नव्हता, बंदुका नीट चालत होत्या, चित्रं देखणी होती. कोणाला तो हवा होता, एवढाच प्रश्न कोणी विचारला नव्हता. युबिसॉफ्टच्या 'द क्रू'चं (२०१४) उलट. खेळणारे होते, एकट्याने खेळण्याची कथाही होती, पण सगळं सर्व्हरला बांधलेलं. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाला आणि विकत घेतलेल्या डिस्कची किंमत चहाच्या बशीखाली ठेवण्याइतकी उरली. त्यातून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही चळवळ उभी राहिली आणि २०२५ मध्ये तिच्या युरोपातल्या अर्जावर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. 'ई.टी.' पुरला गेला, तरी आजही खेळता येतो. 'द क्रू' विकत घेतलेल्यांना मात्र कंपनीने तो खेळण्याजोगा ठेवला नाही.

आपल्याकडचं मोठं प्रकरण अर्थातच 'फौ-जी'. २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाइलवर बंदी आली आणि दोनच दिवसांत अक्षय कुमार यांनी बंगळुरूच्या एनकोअर गेम्सच्या 'फौ-जी'ची घोषणा केली. चाळीस लाखांहून जास्त लोकांनी प्ले स्टोअरवर आधीच नावं नोंदवली. २०२१ च्या प्रजासत्ताकदिनी गेम आला. गलवान खोरं, बर्फ, एक जवान. बंदूक नाही. पुढे चालायचं, दोन-चार शत्रू येतात, ठोसे आणि दांडका, पुन्हा चालायचं. जखमी झालात तर शेकोटीपाशी जाऊन बसायचं, ताकद भरून येते. एकत्र खेळण्याच्या विभागांवर 'लवकरच येत आहे'ची पाटी. पबजीच्या जागी काही मिळेल म्हणून वाट पाहणाऱ्या पोरांच्या हाती शेकोटी आली.

यात मला खटकलं ते गेमचं साधेपण नव्हतं. इतक्या थोड्या वेळात यापेक्षा जास्त कोण करणार? खटकलं ते त्याला दिलेलं वेष्टन. कमाईचा वीस टक्के भाग 'भारत के वीर' निधीला जाणार, तारीख प्रजासत्ताकदिनाची, विषय ताज्या हुतात्म्यांचा. आता अशा गेमला कंटाळवाणा म्हणायचं कसं? लोकांनी म्हटलं, रेटिंग काही दिवसांत घसरलं आणि कमेंटमध्ये एकमेकांच्या देशभक्तीचे पंचनामे सुरू झाले. दांडका फिरवल्यावर तो शत्रूला लागल्यासारखा वाटतो का, हा साधा प्रश्न त्या गदारोळात कोणी विचारलाच नाही. (लागल्यासारखा वाटत नाही.)

त्याच काळात, २०२० च्या ऑगस्टमध्ये, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' आला होता. त्याआधी लोकवर्गणीतून पैसे उभारायचा त्यांचा प्रयत्न फसलेला, मंडळी थोडी, हातात साधनं तुटपुंजी. गेम चार-पाच तासांत संपतो. कड्यावरून उडी मारताना कॅमेरा नको तिथे जातो, काही शत्रू फार वेळ मरत नाहीत, आणि शेवट तर इतका अर्धवट की डाउनलोड पूर्ण झालं नाही की काय असं वाटावं. पण त्रिशूळ फिरवल्यावर तो लागतो. भिंतीवरच्या चित्रांतून कथा उलगडते तेव्हा थांबून पाहावंसं वाटतं. आणि हजार ग्रह, जिवंत शहर, बदलणारं आयुष्य असलं काहीही कोणी कबूल केलेलं नव्हतं. त्या शेवटाबद्दल माझी तक्रार अजून कायम आहे. पुढचा भाग आला तर पहिल्या दिवशी घेईन. प्री-ऑर्डर मात्र त्यांचीही करणार नाही.